फेरलढतीत निकाल कशाचा लागतो?

शब्द आणि अंकांच्या दूरचित्रवाणी स्पर्धेत एकदा एकमेकांसमोर खेळलेले दोन स्पर्धक काही वर्षांनी पुन्हा समोरासमोर बसतात, तेव्हा पहिल्या निकालाचे काय होते, हा प्रश्न वरकरणी करमणुकीच्या सदरातला आहे. पण त्यात दैव आणि कर्तृत्व यांचा जुना वाद दडलेला आहे. आधी हरलेला या वेळी जिंकला, तर पहिला निकाल चुकीचा ठरतो का? आधीचाच पुन्हा जिंकला, तर त्याच्या पहिल्या विजयात काही उणे होते आणि ते आता भरून निघाले, असे मानायचे का? आणि निकाल एक-एक असा झाला, तर तिसरा डाव न खेळता थांबायचे कशाच्या आधारावर?

या प्रश्नाचा विचार करायला ब्रिटनमधला ‘काउंटडाउन’ हा कार्यक्रम फार सोयीचा आहे. २ नोव्हेंबर १९८२ रोजी चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली, ती याच कार्यक्रमाने. मूळ कल्पना फ्रेंच. आर्मां जामो यांनी १९६५ मध्ये सर्वांत लांब शब्द शोधण्याचा खेळ फ्रेंच दूरचित्रवाणीवर आणला आणि १९७२ मध्ये त्याला आकड्यांची जोड मिळाली. ब्रिटिश आवृत्तीत नऊ अक्षरे निघतात. स्पर्धक फक्त स्वर हवा की व्यंजन एवढेच सांगतो. तीस सेकंदांत त्यांतून जास्तीत जास्त लांबीचा शब्द करायचा. शब्दाला जेवढी अक्षरे तेवढे गुण, मात्र नऊच्या नऊ वापरली तर अठरा. आकड्यांच्या फेरीत सहा संख्या मिळतात आणि एक तीन अंकी लक्ष्य. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून तेथे पोहोचले तर दहा गुण, पाचच्या आत राहिले तर सात, दहाच्या आत राहिले तर पाच. शेवटी नऊ अक्षरी शब्दाची अक्षरे उलटसुलट करून दाखवतात. जो आधी बझर दाबून शब्द ओळखेल त्याला दहा गुण. तोवर दोघांतले अंतर दहा किंवा त्याहून कमी असेल, तर सगळा सामना त्या एका शब्दावर येऊन ठेपतो.

बक्षिसाची बाबही ध्यानात घेण्यासारखी आहे. या कार्यक्रमात लाखांची रक्कम कधीच नव्हती. विजेत्याला मिळणारी चहाची किटली हीच इथली मिरवण्याची वस्तू. त्यामुळे फेरलढतीची ओढ पैशासाठी असते, हे सोपे उत्तर इथे लागू पडत नाही. हरलेल्याला हवे असते ते ‘आपण खरे तर याच्याहून चांगले खेळतो’ या समजुतीवर शिक्कामोर्तब. जिंकलेल्याला हवे असते ते बहुधा उलट, म्हणजे ‘त्या दिवशी तुझे नशीब होते’ हे वाक्य पुन्हा ऐकावे लागू नये.

नशीब या खेळात नेमके कुठून शिरते, हे पाहणे उद्बोधक आहे. स्क्रॅबलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी अक्षरे येतात, पत्त्यांत प्रत्येकाला वेगळी पाने लागतात. त्यामुळे हरणारा वाटपाला दोष देऊ शकतो. काउंटडाउनमध्ये ती सोय नाही. तीच नऊ अक्षरे, त्याच सहा संख्या, तीच तीस सेकंदे दोघांपुढे असतात. म्हणजे दैव वाटपात नाही. ते सामग्री आणि माणूस यांच्या गाठीत आहे. निघालेल्या अक्षरांत लपलेला शब्द एकाने आदल्याच आठवड्यात वाचलेला असतो, दुसऱ्याने कधीच पाहिलेला नसतो. दोघांपुढे वाढलेले ताट एकच, पण भूक वेगळी. शिवाय ‘जिंकेल तो राहील’ ही कार्यक्रमाची रीत आहे, आणि आठ सामने ओळीने जिंकणारा अपराजित म्हणून बाजूला होऊन अंतिम फेऱ्यांची वाट पाहतो. एखादा चांगला खेळाडू अशा अजिंक्य माणसाच्या ऐन बहरात पहिल्यांदा खेळायला आला, तर तो एका सामन्यातच घरी जातो. तोच महिनाभर नंतर आला असता तर कदाचित अर्धा डझन सामने जिंकून गेला असता.

कर्तृत्वही दैवापासून सुटे काढता येत नाही. १९९७ मधली एक फेरी आजही सांगितली जाते. संख्या होत्या २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६, लक्ष्य ९५२. स्पर्धकाने १०० मध्ये ६ मिळवून १०६ केले, त्याला ३ ने गुणून ३१८, त्याला ७५ ने गुणून २३,८५०. मग त्यातून ५० वजा करून २३,८०० आणि शेवटी २५ ने भागून ९५२. पाहणारे थक्क झाले, कारण वाट तेवीस हजारांवरून जाऊन परत हजाराच्या आत आली होती. हिशेब उलगडला की त्यातली खूबी दिसते. १०६ ची नऊपट ९५४ आणि त्यातून २ वजा, एवढेच ते आहे. नऊमधला एक ३ आणि वजा करायचे २ हे त्याने ७५ आणि ५० यांना २५ ने भागून मिळवले, फक्त भागाकार शेवटपर्यंत राखून ठेवला. तीस सेकंदांत हे सुचणे हे निखळ कर्तृत्व. पण त्या संख्या तशा निघाल्या नसत्या, तर ते कर्तृत्व कोणाला दिसलेही नसते. फेरलढतीत पुन्हा ती पाटी येत नाही. फेरलढत त्याच दोघांची असते, त्याच डावाची कधीच नसते.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात कार्यपद्धतीतून मिळणाऱ्या न्यायाचे जे प्रकार सांगितले, त्यांतले दोन इथे कामाला येतात. फौजदारी खटला हे एकाचे उदाहरण. आरोपीने गुन्हा केला की नाही हे खटल्याबाहेरचे सत्य आहे. खटला ते शोधण्याचे साधन आहे, आणि सगळे नियम पाळूनही साधन चुकू शकते. दुसऱ्याचे उदाहरण जुगार. प्रामाणिकपणे खेळलेल्या डावात जे वाटप होईल तेच न्याय्य, कारण त्या वाटपाच्या बरोबर-चूकपणाची डावाबाहेर दुसरी कसोटीच नसते.

प्रश्नस्पर्धा यांपैकी कशात बसते? उत्तर असे की, ती एकाच वेळी दोन्हींत बसते आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. ‘कोण जिंकले’ या प्रश्नापुरती ती दुसऱ्या प्रकारची आहे. नियमांनी खेळ झाला, गुण जास्त पडले, तो जिंकला. याच्या मागे आणखी खरा विजेता कुठे दडून बसलेला नाही. ‘कोण अधिक चांगला’ या प्रश्नापुरती ती पहिल्या प्रकारची, म्हणजे चुकू शकणारे मोजमाप. फेरलढतीची मागणी दुसऱ्या प्रश्नातून उगवते आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलू पाहते. ही मागणी करणाऱ्याचे तर्कशास्त्र इथे घसरते. मोजमाप पुन्हा घेता येते, झालेला विजय पुन्हा घडवता किंवा मोडता येत नाही.

मोजमाप म्हणून तरी एका फेरलढतीचे मोल किती? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोघांपैकी एक इतका सरस आहे की दर दहा सामन्यांत तो सरासरी सहा जिंकेल, एवढे माहीत आहे. तो कोणता हे मात्र माहीत नाही. पहिला सामना जो जिंकला तोच सरस असण्याची शक्यता ६० टक्के. फेरलढतही त्यानेच जिंकली तर ती वाढून सुमारे ६९ टक्के होते, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा शंका उरतेच. आणि निकाल उलटा लागला तर गाडी पुन्हा ५० टक्क्यांवर, जिथे एकही सामना झाला नव्हता तिथे. तीनपैकी दोन जिंकायचे असे ठरवले तरी सरस खेळाडू मालिका जिंकण्याची शक्यता ६४.८ टक्क्यांपलीकडे जात नाही. ‘आता काय ते एकदाचे ठरू दे’ असे म्हणून मांडलेल्या एका फेरलढतीत फारच थोडे ठरते.

शिवाय मोजले जाते ते कोण? १९९६ मध्ये काउंटडाउनने वेगवेगळ्या हंगामांतले जुने विजेते बोलावून सर्वोच्च स्पर्धा घेतली; ती हार्वी फ्रीमन याने जिंकली. कार्यक्रमाच्या तिसाव्या वर्षानिमित्त २०१३ मध्ये पुन्हा जुन्या खेळाडूंना एकत्र आणले, तेव्हा कॉनर ट्रॅव्हर्स जिंकला; तो पहिल्यांदा विजेता झाला तेव्हा शाळकरी मुलगा होता. अशा स्पर्धांत समोर येणारी माणसे नावाने तीच, पण एकाने मधल्या काळात शब्दकोश पालथा घातलेला असतो, दुसऱ्याने संसार आणि नोकरी केलेली असते. निवाड्याचा आधारही जागेवर राहत नाही. शब्द ग्राह्य की नाही हे शब्दकोशावरून ठरते, आणि कोशात दरवर्षी भर पडते. पहिल्या लढतीत नाकारलेला शब्द फेरलढतीत मान्य होऊ शकतो. मग पूर्वी तो शब्द सांगणाऱ्यावर अन्याय झाला होता का? नाही. त्या दिवशीचा कायदा त्या दिवसापुरता खरा होता.

फेरलढतीचा भारतीय परंपरेतला सर्वांत सखोल विचार महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात सापडतो, आणि योगायोग असा की त्या कथेचा कणाही झटपट मोजणी हाच आहे. निषधांचा राजा नल भाऊ पुष्कराशी द्यूत खेळतो आणि राज्य गमावतो. त्या डावात कली नलाच्या अंगात शिरलेला असतो आणि द्वापर फाशांत. पुढे बाहुक या नावाने नल अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. नलाची पत्नी दमयंती हिच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे विदर्भात कुंडिनपुराकडे रथ हाकतात. अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर म्हणजेच ते नगर, असे परंपरा मानते. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या एका झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. बाहुकाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून फळे मोजतो, आणि संख्या बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, शिकतो. ते शिकताच कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. प्राचीन द्यूत बेहड्याच्या फळांनीच खेळत आणि त्यात पडलेल्या फळांची संख्या क्षणात ओळखणे निर्णायक असे, हे ध्यानात घेतले की झाडाचा प्रसंग केवळ चमत्कार राहत नाही. संभाव्यतेच्या विचाराचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंग या तत्त्वज्ञानेही १९७५ च्या आपल्या ग्रंथात या प्रसंगाची दखल घेतली आहे.

यानंतर नल पुष्कराला आव्हान देतो आणि एकाच पणात सर्व परत मिळवतो. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पहिला डाव दूषित होता, असे म्हणायला नलाइतके सबळ कारण कोणाकडेच नव्हते. प्रत्यक्ष फाशांतच दुसरा कोणी बसला होता. तरीही तो पहिला निकाल रद्द करा असे म्हणत नाही. तो नवी विद्या घेऊन नवा डाव मांडतो. जिंकल्यावर मात्र पुष्कराला सांगतो की पूर्वीचे ते कृत्य तुझे नव्हते, कलीचे होते, आणि त्याचा वाटा देऊन त्याला सन्मानाने परत पाठवतो. पहिल्या निकालाला कबुली आणि पहिल्या विजेत्याला क्षमा, या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवणारी फेरलढत दुर्मीळ.

ही कथा बृहदश्व ऋषी सांगतात ती युधिष्ठिराला, आणि ते मुद्दाम. कारण युधिष्ठिरही फेरलढत खेळून वनात आलेला आहे. सभापर्वात पहिल्या द्यूतात सर्वस्व गेले. द्रौपदीला दिलेल्या वरांमुळे धृतराष्ट्राने ते परत केले. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले, तोच त्यांना पुन्हा खेळायला बोलावणे गेले. हेच अनुद्यूत. लावलेला पण एकच, बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. ही फेरलढत मागितली ती हरलेल्याने नव्हे, तर जिंकूनही विजयाचे फळ हातून गेलेल्या दुर्योधनाने. युधिष्ठिराने मधल्या वेळात काही शिकले नव्हते, समोर तोच शकुनी होता, आणि निकालही तोच लागला. मोठ्यांचे बोलावणे मोडता येत नाही म्हणून तो बसला. त्याच्या संमतीला किती अर्थ होता हा प्रश्न टीकाकारांनी पुष्कळ चघळला आहे. पुढे बृहदश्वांनी त्यालाही अक्षहृदय दिले. त्याने ते तिसऱ्या डावासाठी वापरले नाही. विराटाच्या दरबारात कंक नावाने द्यूतातला सोबती म्हणून राहायला ते उपयोगी पडले.

नलाने विद्या मिळवली म्हणून तो जिंकला, म्हणजे कर्तृत्वाने दैवावर मात केली, असे म्हणून मोकळे होता येत नाही. ऋतुपर्ण भेटला हेही दैवच. थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये नैतिक दैवाचा प्रश्न मांडला तो याच जागी. नेगल यांच्या मते दैव केवळ परिणामात नसते. माणूस ज्या परिस्थितीत सापडतो तीत असते, आणि मुळात त्याचा पिंड जसा घडला त्यातही असते. शब्द ध्यानात राहण्याची शक्ती कोणी कमावलेली नसते, आणि ती वाढवण्याची चिकाटीही बरीचशी जन्माने व घराने दिलेली असते. फेरलढत पहिल्या प्रकारचे दैव थोडे पुसट करते. बाकीचे जसेच्या तसे टेबलाशी येऊन बसते.

अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव मोठे की पुरुषकार, आणि उत्तरात शेत आणि बी यांचा दाखला येतो: पुरुषकार हे शेत, दैव हे बी, दोन्हींशिवाय पीक नाही. योगवासिष्ठ त्याहून कडक आहे. त्याच्या मते दैव म्हणून वेगळे काही नाहीच. पूर्वी केलेला प्रयत्नच आता दैव म्हणून समोर उभा राहतो आणि आजचा प्रयत्न त्याच्याशी झुंजतो. हा विचार स्पर्धकाला आवडेल असा आहे, कारण त्यात हरण्याची जबाबदारी आणि जिंकण्याची आशा दोन्ही त्याच्याच पदरात पडतात. पण स्टुडिओत सरमिसळ केलेली अक्षरे कोणाच्याही पूर्वप्रयत्नाने निघत नाहीत. तिथे महाभारताचे उत्तर अधिक खरे वाटते.

धर्मांच्या अंगाने पाहिले तर प्रश्न आणखी मोठा होतो: जीवनालाच फेरलढत आहे का? ख्रिस्ती परंपरेच्या मुख्य धारेत जन्म एकच, त्यानंतर न्याय. हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरांत पुन्हा जन्म आहे, म्हणून त्यांना फेरलढतीचे धर्म म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. फेरलढत शून्यापासून सुरू होते; पुनर्जन्मात मागचे गुण पुढे येतात. फेरलढतीत आधीच्या डावाची आठवण असते आणि हिशेब नसतो, पुनर्जन्मात हिशेब असतो आणि आठवण नसते. दोन्ही रचना एकमेकींच्या उलट आहेत.

निकाल कुठेतरी थांबला पाहिजे, ही गरज कायद्याने केव्हाच ओळखली. भारतातल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ सांगते की, सक्षम न्यायालयाने निकाली काढलेला मुद्दा त्याच पक्षकारांमध्ये पुन्हा उकरून काढता येत नाही. न्यायालय चुकत नाही असा त्याचा अर्थ नाही. चूक दुरुस्त करायला अपिलाची वेगळी वाट ठेवून, उरलेल्या आयुष्यासाठी वाद संपवायचा, एवढाच त्याचा हेतू. खेळात अपील असते ते नियमभंगाविरुद्ध, नशिबाविरुद्ध नव्हे. एखादा शब्द चुकून नाकारला गेला असेल तर ती तक्रार रास्त आहे, आणि तिचा निवाडा त्याच डावाच्या कागदावर व्हायला हवा. तसे काही नसेल तर फेरलढत मागणाऱ्याने ती नवा सामना म्हणूनच मागावी. समोरच्यालाही ती नाकारण्याची पूर्ण मुभा हवी, आणि नाकारल्याबद्दल त्याला भित्रा ठरवणे गैर.

फेरलढतीचा हक्क नियमानेच दिला तर काय होते, हे बुद्धिबळाने करून पाहिले आहे. पराभूत जगज्जेत्याला परतीचा सामना मिळण्याची तरतूद होती. मिखाईल बोत्विनिक १९५७ मध्ये वसिली स्मिस्लोवकडून हरला आणि १९५८ मध्ये त्याने किताब परत घेतला. १९६० मध्ये मिखाईल तालकडून हरला आणि १९६१ मध्ये पुन्हा परत घेतला. दोन्ही वेळा त्याने मधले वर्ष प्रतिस्पर्ध्याचा खेळ अभ्यासण्यात घालवले होते. आव्हानवीराला मात्र एकच किताब जणू दोनदा जिंकावा लागे, म्हणून तो हक्क काढून टाकण्यात आला, आणि १९६३ मध्ये तिग्रान पेत्रोस्यानकडून हरल्यावर बोत्विनिकला परतीचा सामना मिळाला नाही. जगज्जेत्यांच्या क्रमवारीत बोत्विनिक सहावा, स्मिस्लोव सातवा, ताल आठवा आणि पेत्रोस्यान नववा. परतीचे दोन्ही सामने जिंकूनही बोत्विनिकला त्या यादीत आणखी एखादा नवा क्रमांक मिळाला नाही, आणि एकेक वर्षच किताब टिकलेल्या स्मिस्लोव व ताल यांचा क्रमांक गेला नाही.